सातेरीचं काय?

कोळ्याच्या विषावर काम करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: लॅबमध्ये कोळी किती? एकही नाही. हे विष ऑस्ट्रेलियातल्या फनेल-वेब कोळ्याचं, हॅड्रोनिकी व्हर्सुटाचं. त्याचं जनुक जिवाणूत घालून आम्ही ते इथे पुण्यात बनवतो, पिकांवरच्या किडीसाठी कीटकनाशक म्हणून. ३७ अमिनो आम्लांची साखळी, त्यात सहा सिस्टीन नावाची, आपसात जोडी जमवणारी. त्यांच्या तीन जोड्या जुळल्या की साखळीला गाठ बसते, आणि सगळा जीव त्या गाठीत. जोडी चुकली तरी वजन तेच राहतं, त्यामुळे नुसतं वजन मोजून काही कळत नाही. एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या आलेखावर, शेजारी उगवलेलं खोटं शिखर नजरेने हेरावं लागतं.

त्या दिवशी लष्करी अळीवर चाचणी होती. बर्फावर सुस्त केलेल्या अळीला मागच्या पायांजवळ काचेची सुई टोचायची, आतडं न फोडता. हे हाताला यायला फार वेळ लागतो. टोचलेल्या अळ्या ढिल्या पडल्या. उताणी केली तर सुलटी होईना. मक्याच्या पानावर तेच विष लावून दिलं, तर अळ्यांनी पानाचा फडशा पाडला. आतड्याची भिंत ओलांडून विष आत जातच नाही. म्हणून स्नोड्रॉप फुलझाडातलं लेक्टिन नावाचं प्रथिन त्याला जोडायचं, ते विषाला पलीकडे नेतं. असं जोडविष लावलेलं पान खाऊन अळ्या त्या दिवशी पहिल्यांदा लुळ्या पडल्या. मला अक्षरशः रडू आलं. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधेने माणसं गेली, ते मी विसरलेले नाही.

दुपारी पुरंदरचे काही शेतकरी लॅब बघायला आले होते. सर त्यांना सांगत होते, हे विष किड्यांच्या मज्जापेशींतल्या कॅल्शियम चॅनेलवर, म्हणजे कॅल्शियम आत सोडणाऱ्या दारांवर बसतं, माणसाच्या नाही. एका काकांनी मला विचारलं, "ताई, डाळिंबात मी सातेरीच्या पेट्या ठेवतो. मधमाशी पण किडाच ना?"

नेमका प्रश्न. मी सांगितलं, २०१४ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी असंच जोडविष मधमाश्यांना खाऊ घातलं होतं. माश्यांच्या जगण्यावर नगण्य परिणाम झाला, स्मरणशक्तीवर काहीच नाही. पण ती युरोपीय मेलिफेरा जातीची मधमाशी होती. आपल्या सातेरीवर, म्हणजे इथल्या देशी मधमाशीवर, आम्ही चाचणी केलेली नाही, हेही सांगितलं.

सरांना ते आवडलं नाही. पाहुण्यांसमोर शंका कशाला, असं त्यांचं म्हणणं. एरवी ते काटेकोर आहेत, म्हणूनच मला जास्त लागलं. मधमाशीची चाचणी पुढच्या टप्प्यात, पैसे आले की, असं सगळीकडेच चालतं, आणि मला ते पटत नाही. डाळिंबवाल्याला आधी हेच कळायला हवं.

केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे. सातेरीच्या वसाहतींसाठी तिथे पत्र लिहायला घेतलंय. माश्या जगल्या एवढं पाहून भागणार नाही. शिकवलेला वास आठवून त्या सोंड बाहेर काढतात का, तेही तपासायचं आहे.