बरा गावाची किल्ली

माहिती केंद्रातल्या बाईंनी टेबलावर नकाशा पसरला, पेनानं त्यावर सात-आठ गोल केले आणि खणातून एक किल्ली काढून आईच्या हातात दिली. म्हणाल्या, "गोल केलेल्या जागांना कुलूप असेल. उघडा, बघा आणि निघताना परत लावा."

आईला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तुरुंग, खाणीतल्या सुरुंगांच्या दारूचं कोठार, मद्याच्या कारखान्याची तळघरं, दीडशे वर्षांपूर्वी माणसं राहत होती ती घरं, या सगळ्याची किल्ली परगावच्या माणसाच्या हातात? सोबत रखवालदार नाही, की "पुढे चला, पुढे चला" म्हणणारा वाटाड्या नाही. पण दक्षिण ऑस्ट्रेलियातलं बरा गाव पाहायची रीतच ही आहे. तिला 'हेरिटेज पासपोर्ट' म्हणतात. एक पुस्तिका, एक किल्ली आणि सुमारे अकरा किलोमीटरची वाट. मला तिकडे आईला न्यायचंच होतं. तिचा माझ्याकडचा मुक्काम संपायला दहा दिवस उरले होते, आणि समुद्रकिनारे नि मॉल पाहून ती कंटाळली होती.

अॅडलेडहून उत्तरेला साधारण १६० किलोमीटर, म्हणजे दोन तासांची गाडी. रिव्हर्टन, सॅडलवर्थ अशी गावं मागे पडतात. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो. गव्हाचं हिरवं आणि कनोलाचं पिवळं रान आळीपाळीनं येत होतं, आणि आई दर वेळी "ही मोहरीच ना?" असं विचारत होती. जवळजवळ मोहरीच, आई. गावाच्या पुढे हे हिरवेपण झपाट्यानं विरळ होतं. १८६५ मध्ये जॉर्ज गॉयडर या सर्व्हेअर-जनरलनं, म्हणजे जमीनमोजणीच्या सरकारी प्रमुखानं, पावसाचा भरवसा जिथे संपतो तिथे नकाशावर रेघ ओढली, ती या भागातूनच जाते. तिच्यापलीकडे नांगर घालू नका, असं त्याचं म्हणणं होतं. काही वर्षं पाऊस चांगला झाला, तेव्हा लोकांनी ते ऐकलं नाही. छपरं उडालेली त्यांची दगडी घरं अजून माळावर उभी आहेत.

आधी नावाबद्दल. 'बरा' हे नाव कुठून आलं याविषयी बरीच मतं आहेत, आणि त्यातल्या एकानं मी ताडकन उभा राहिलो होतो. इथल्या एका मेंढपाळ मालकाकडे हिंदुस्थानातून आणलेले मजूर होते. इथल्या ओढ्याला ते 'बडा बडा' म्हणत आणि त्याचंच 'बरा बरा' झालं, असं ते मत. इतर मतं नाव इथल्या मूळ रहिवाशांच्या बोलीतून आल्याचं सांगतात. मला पहिलं खरं निघावं असं मनापासून वाटतं, पण वाटणं हा काही पुरावा नव्हे. त्या मजुरांचं एकही नाव मला कुठल्या फलकावर दिसलं नाही.

गाव उभं राहिलं तांब्यावर. १८४५ मध्ये विल्यम स्ट्रेअर आणि थॉमस पिकेट या दोन मेंढपाळांना जमिनीवरच हिरवट-निळे दगड सापडले. बातमी अॅडलेडला पोचली आणि दोन टोळकी जागी झाली. एक बड्या भांडवलवाल्यांचं, त्यांना लोक 'नॉब्ज' म्हणत. दुसरं दुकानदार, व्यापारी अशा मधल्या लोकांचं, ते 'स्नॉब्ज'. सरकारची अट अशी की जमीन घ्यायची तर सलग वीस हजार एकर, एकरी एक पौंड, आणि पैसे रोख. तेवढी रक्कम एकट्या कुणाकडेच नव्हती. म्हणून एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोघांनी पैसे एकत्र केले, जमीन घेतली आणि मधोमध रेघ मारून वाटणी केली. कुठला अर्धा भाग कुणाचा, हे चिठ्ठ्यांवर ठरलं. दुकानदारांच्या वाट्याला उत्तरेचा भाग आला आणि खरं तांबं तिथेच होतं. दक्षिणेकडची खाण लवकरच आटली.

पुढची पंधरा वर्षं ही ऑस्ट्रेलियातली धातूची सर्वांत मोठी खाण होती. १८५१ मध्ये बराची वस्ती पाच हजारांच्या आसपास होती. समुद्रापासून आत, एवढं मोठं गाव तेव्हा सगळ्या खंडात नव्हतं. आज हजारही भरत नाहीत. डबघाईला आलेली दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत या तांब्यानं सावरली. खाण कंपनीचा सचिव होता हेन्री एअर्स. तो पुढे वसाहतीचा प्रीमियर, म्हणजे सरकारचा प्रमुख झाला, आणि १८७३ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या त्या प्रचंड लाल खडकाला त्याचं नाव दिलं गेलं. हजारो वर्षांपासून उलुरू असलेला तो खडक शंभरावर वर्षं कागदोपत्री एका खाण कंपनीच्या सचिवाच्या नावानं ओळखला गेला.

किल्लीनं आम्ही पहिलं कुलूप उघडलं ते ओढ्याकाठच्या बिळांचं. दुसरा शब्द मला सापडत नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेल्या खाणकामगारांना घरं मिळेनात, मिळाली तर भाडं परवडेना. हात खणायला सरावलेले. मग त्यांनी ओढ्याच्या चिकणमातीच्या काठात खोल्या खणल्या, आतून चुना लावला, वरच्या जमिनीतून धुराडं काढलं. १८५१ च्या सुमारास या ओढ्याच्या दोन्ही काठांना जवळपास अठराशे माणसं अशी राहत होती. त्याच साली ओढ्याला एकामागून एक पूर आले आणि ती घरं पाण्याखाली गेली. आता त्यातली दोनच जपून ठेवलेली आहेत.

आत शिरलो. बाहेर ऊन चढलं होतं, आत माठाजवळ बसल्यासारखा गारवा. आई मधोमध उभी राहिली, भिंतीवरून हात फिरवला, चुलीच्या कोनाड्यात वाकून वर पाहिलं. तिथून आभाळाचा एक तुकडा दिसत होता. ती म्हणाली, "बाळंतपणं इथंच होत असणार." मी तोवर छताची उंची आणि खोलीची लांबी मनात मोजत होतो. तिनं सरळ त्या बाईचा विचार केला. ओल, चिखल, ओढ्याचंच पाणी प्यायचं, त्यातच धुणं, वर रोगराई. गावाच्या स्मशानात त्या काळातल्या लहान मुलांचे दगड पाहिले तेव्हा तिचं ते वाक्य मला परत ऐकू आलं.

खाणीच्या जागेवर मॉर्फेटचं इंजिनघर आहे. जमिनीखालचं पाणी उपसणारं वाफेचं इंजिन इथे होतं. इमारत १९८० च्या दशकात पुन्हा उभारली आहे. शेजारी मोठा खड्डा, त्यात पाचूच्या रंगाचं पाणी. जुनी खाण १८७७ मध्ये बंद पडली. मग १९७१ ते १९८१ अशी दहा वर्षं वरून उघडी खोदाई झाली, तो हा खड्डा. खोदाईच्या वाटेत एक जुनं धुराडं येत होतं. लोकांनी ते दगड दगड सुटा करून दुसरीकडे नेलं आणि तसंच्या तसं रचलं. धुराड्यावर खाणकामगाराची छोटी आकृती बसवलेली आहे, 'जॉनी ग्रीन'. गावानं हे धुराडं जाऊ दिलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

दुपारी आम्ही पॅक्स्टन स्क्वेअरला पोचलो. खाण कंपनीनं १८४९ ते १८५२ मध्ये कामगारांसाठी बांधलेल्या दगडी घरांच्या या रांगा आहेत, एकूण तेहतीस घरं. तिथे भेटलेल्या आजी ऐंशीच्या पुढच्या होत्या. गावाच्या इतिहासाचं काम हौसेनं करतात. आईला पाहून त्यांनी आधी खुर्ची पुढे केली, मग चहा, आणि मग एक जाडजूड वही.

त्यांचे पूर्वज कॉर्नवॉलचे. त्या म्हणाल्या, आमच्याकडे आडनाव ऐकलं की माणूस कुठला ते कळतं. 'ट्रे'नं सुरू झालं तर वाडी, 'पोल' म्हणजे डोह किंवा तळं, 'पेन' म्हणजे टेकाडाचं टोक. मी त्यांना आमच्या 'कर'बद्दल सांगितलं. गाव सुटलं तरी आडनावात ते राहतं, अगदी अॅडलेडच्या टपालपेटीवरसुद्धा. त्यांनी लगेच ते वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. बोलता बोलता निघालं की त्यांच्या घराण्याची एक शाखा हिंदुस्थानातही गेली होती, कोलारला. तिथल्या सोन्याच्या खाणीत १८८० पासून कॉर्निश माणसं कामाला होती. तांबं संपलं की ही माणसं दुसऱ्या खंडात दुसरी खाण शोधत. पृथ्वीच्या पाठीवर जिथे खोल खड्डा असेल तिथे आमचा एक चुलतभाऊ असतोच, असं त्या म्हणाल्या.

आईनं मला विचारायला सांगितलं, "त्यांना एवढं सगळं कळतं कसं?" आमच्या गडहिंग्लजकडे हे काम हेळवी करतो. तो कर्नाटकातून येई, बैलावर वह्या लादून. अंगणात बसून पिढ्या वाचून दाखवी आणि सुपातनं जोंधळे घेऊन पुढच्या घरी जाई. मी हे आजींना जमेल तसं सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "मग इथली हेळवी मीच."

या वसाहतीत जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद १८४२ मध्येच सुरू झाली, म्हणजे बरा वसायच्या आधी. इथे कैद्यांना पाठवलं गेलं नाही, लोक तिकीट काढून किंवा सरकारी मदतीनं आले. म्हणून जहाजांच्या याद्या आहेत. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चॅपलांच्या वह्या आहेत. आणि 'ट्रोव्ह' आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं तिथे फुकट खुली केली आहेत. यंत्रानं वाचलेल्या मजकुरातल्या चुका वाचकच ओळीओळीनं दुरुस्त करतात. आजी रोज रात्री जेवणानंतर तासभर हेच करतात. कुणा अनोळखी माणसाच्या पणजोबांचं नाव चुकून दुसरंच पडलेलं असतं, ते नीट केलं की त्याच्या पणतवंडाला ते शोधल्यावर सापडतं. मला वाटतं, इतकं निरपेक्ष काम मी फार कमी पाहिलं आहे.

आईनं वहीवर बोट ठेवलं. "यात लेकींची नावं आहेत." होती. लग्न होऊन गेलेल्या, न झालेल्या, चार दिवसांत गेलेल्या, सगळ्या. आमच्या हेळव्याच्या वहीत आईचं नाव आहे ते सासरच्या पानावर, बाबांच्या नावाखाली. माहेरच्या पानावर तिच्या तीन भावांची नावं आहेत. ती हे आधीही एकदा बोलली होती, तेव्हा मी नीट ऐकलं नव्हतं.

तुरुंगात मात्र फार वेळ थांबवेना. गावातल्या रेड्रुथ भागातला हा तुरुंग १८५६ चा, अॅडलेडबाहेरचा या वसाहतीतला पहिला. १८९७ ते १९२२ तिथे मुलींची सुधारशाळा होती. कुलूप उघडून आत जायचं आणि जाताना परत लावायचं, हे तिथे जड गेलं. आजी म्हणाल्या होत्या, इथल्या मुलींची नातवंडं आता शोध घेत येतात. कितीतरी घरांत आजीनं हे कधी सांगितलेलंच नव्हतं.

आणि एक गोष्ट आहे जी या किल्लीनं उघडत नाही. ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची, नजुरी लोकांची. खाणीआधी मेंढ्या आल्या, मेंढ्यांबरोबर रोग आणि बंदुका. बराच्या अवतीभवतीचे नजुरी पांगले. बार्नी वॉरिया या नजुरी माणसानं १९४० च्या आसपास आपल्या लोकांच्या गोष्टी, चालीरीती, नाती रोनाल्ड बर्न्ट या मानववंशशास्त्रज्ञाला सांगितल्या. त्यानं त्या वह्यांत उतरवल्या. त्या वह्या पर्थच्या विद्यापीठात गेल्या. रोनाल्डची पत्नी आणि सहकारी कॅथरीन १९९४ मध्ये वारली, आणि वह्या तीस वर्षं कुणाला दाखवू नयेत अशी अट मागे राहिली. बार्नींचे नातू व्हिन्सेंट कॉपली यांनी आजोबांचे शब्द वाचायला मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं प्रयत्न केले. मुदत संपणार होती २०२४ मध्ये. ते २०२२ मध्ये गेले.

हे मी आईला गाडीत सांगितलं, आम्ही हॅम्प्टन या ओस पडलेल्या वस्तीच्या पडक्या घरांकडून परतत असताना. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबाचं बोलणं, आणि नातवालाच बंदी?" मी काय बोलणार? परक्या माणसाला सबंध गावाची किल्ली देणारा हा देश, आणि नातवापुढे मात्र कुलूप. दोन्ही एकाच दिवशी पाहिलं, आणि मला ते अजून एकत्र बसवता आलेलं नाही.

साडेचारला किल्ली परत केली. बाईंनी विचारलं, सगळी कुलपं लावलीत ना? आईनं माझ्याकडे न बघता स्वतःच मान हलवली. गाडीत बसल्यावर पट्टा लावायच्या आधी ती बोटं मोजू लागली. आई, आजी, आजीची आई. तिसऱ्या बोटावर थांबली. त्या कुठल्या माहेरच्या, हे तिला आठवेना.

"तिकडं किती वाजलेत रे आत्ता?"

"साडेबारा."

"मामा जेवायला बसला असेल," ती म्हणाली. "तरी लाव."