नॅस बोर्ड, भाग ४ : शॉर्ट सापडला, पण नको तिथं

आधी बातमी : माझ्या नॅसचा, म्हणजे नेटवर्कवरून फाईली देणाऱ्या डिस्कच्या पेटीचा, बोर्ड जिवंत आहे. काल रात्री साडेअकराला सिरियल पोर्टवर यू-बूट (बोर्ड सुरू करणारा पहिला प्रोग्राम) बोललं. तरीही हा नॅस सध्या नॅस नाही, कारण त्याच्या लॅनची चिप माझ्या टेबलावर डबीत पडली आहे.

मागच्या भागात टीव्हीएस (जादा व्होल्टेज अडवणारा डायोड) बदलून १२ व्होल्ट आत घेतले होते. ५ ची लाईनही आली. ३.३ व्होल्टची मात्र येईना. बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा भाग, उठायला बघतो, बसतो, परत उठायला बघतो; कान जवळ नेला की टिक... टिक. पॉवर काढून मोजलं तर ३.३ ते ग्राउंड १.२ ओहम. लगेच कन्व्हर्टर बदलला. फरक शून्य. मग कॉइल उचलून दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या, तेव्हा कळलं की कन्व्हर्टरकडची बाजू स्वच्छ आहे आणि शॉर्ट पुढं लोडकडं आहे. दोन मिनिटांची ही तपासणी आधी केली असती तर एक रविवार वाचला असता.

संशय अर्थातच सिरॅमिक कपॅसिटरवर. एकेक उचलत गेलो. अकरा उचलले, अकराच्या अकरा चांगले. त्यातला एक फरशीवर उडाला, तो अजून सापडला नाही. झाडू मारताना सांभाळा असं घरात सांगितलंय, पण तिळाहून लहान वस्तूसाठी कोण थांबणार?

मग कॉइल बाहेरच ठेवून त्या लाईनला बेंच सप्लायवरून १ व्होल्ट दिला, लिमिट २ अँपिअर. ०.८ अँपिअर ओढला, म्हणजे गणित जुळलं. जिथं शॉर्ट तिथं गरम व्हायला पाहिजे. सगळ्या व्हिडिओंत बोर्डावर आयपीए (पटकन उडणारं अल्कोहोल) ओततात आणि ते जिथून आधी उडेल तो भाग दोषी धरतात. हा प्रयोग परभणीत मे महिन्यात करून दाखवा, मी चहा पाजतो! आयपीए सगळीकडूनच सारखं उडतं. बोट लावावं तर अख्खा बोर्ड कोमट. पहाटे पाचला उठूनही करून पाहिलं. हाती काही लागलं नाही, झोप तेवढी गेली.

शेवटी स्टेशन रोडच्या मोबाईलवाल्या चाचांकडं गेलो. त्यांनी मीटरही लावला नाही. "कॅप पे मत अटक बेटा, रोझिन मार." सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर राळेचा खडा टेकवायचा आणि त्याचा धूर बोर्डावर बसू द्यायचा. पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर येतो. सप्लाय चालू केला आणि वीस सेकंदांत एका जागी ती पिठी वितळून काच झाली. कपॅसिटर नव्हता तो. लॅनचा फाय, म्हणजे केबलशी बोलणारी चिप होती, आणि बरोबर मधोमध.

तिथं डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मी अॅडॉप्टरला आणि लाईटच्या चढउताराला शिव्या देत होतो. पण अवकाळीच्या त्या रात्री वीज कडाडली तेव्हा गच्चीवरून दुकानाकडं जाणारी पंचवीस मीटरची साधी यूटीपी (तांब्याची लॅन) केबल नॅसमध्येच खोचलेली होती. लॅन पोर्टच्या मॅग्नेटिक्सला (आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरना) १५०० व्होल्टचं आयसोलेशन असतं, विजेला ते किती पुरणार? चोर खिडकीतून आला आणि जाताना दाराचं कुलूप, म्हणजे टीव्हीएस, तोडून गेला.

चाचांच्याच हॉट एअरनं फाय काढला. क्यूएफएनच्या (बाहेर पाय नसलेल्या चपट्या चिपच्या) पोटाखाली ग्राउंडचा मोठा पॅड असतो, तो सुटता सुटत नाही. खालून प्रीहीट दिल्याशिवाय ओढू नका, ट्रॅक उचकटतील. चिप निघाली आणि मीटर ३४० ओहम दाखवायला लागला. तो आकडा मी तीनदा मोजला. गरज नव्हती, नुसतं बरं वाटत होतं.

सिरियलला ग्राउंड, टीएक्स, आरएक्स एवढंच जोडलं (चौथी पिन ३.३ ची, तिला हात लावायचा नाही), ११५२०० च्या वेगावर. यू-बूट, फाय सापडत नसल्याची तक्रार, मग कर्नल, मग लॉगिन. डिस्क अर्थात लावल्या नाहीत. त्यांचा डेटा दुसऱ्या मशीनवर एमडीअॅडम या लिनक्सच्या साधनानं मागंच काढलाय, त्यामुळं ही सगळी खटपट निव्वळ हट्टापायी.

आता फाय कुठून आणायचा? ऑनलाईन एका विक्रेत्याकडून मागं टीव्हीएस घेतले होते, दहातले चार खोटे निघाले, त्यामुळं तिथून चिप घेणार नाही. हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीत भंगार राऊटर किलोवर मिळतात, त्यात हाच नंबर असलेला एखादा सापडेल. रात्रीची गाडी, सकाळी बाजार, संध्याकाळी परत.

हे लिहिता लिहिताच सुचलं : बोर्डाला यूएसबी ३ आहे. आरटीएल८१५३ चिपचा गिगाबिट लॅन डोंगल लावला तर फायची गरजच काय? कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर, म्हणजे आर८१५२ मॉड्यूल, आहे का, एवढंच बघायचं. नसेल तर डेबियन लिनक्स टाकू. म्हणजे कोठीची फेरी रद्द... नाही, फेरी करणारच, पण फायसाठी नाही. गच्चीवरच्या केबलच्या जागी फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन जोडणारे डबे) टाकायचे आहेत. काचेतून वीज आत येत नाही, आणि पावसाळ्याला महिनाही उरलेला नाही.

मॉड्यूल बघायला म्हणून आत्ता परत बोर्डाला पॉवर दिली. लाईट गेली.