जिथलं तिथे

इजिप्तहून परत येऊन आज नववा दिवस. बॅगा रिकाम्या झाल्या, कपडे धुऊन झाले, खजूर सगळीकडे वाटून झाले, आणि डोक्यातून ते खापर काही जात नाही. अंगठ्याएवढं खापर! गिझाचा तो अवाढव्य पिरॅमिड बघून आले मी, आणि लोक विचारतात काय बघितलंस तर तोंडातून काहीतरी वर्णन येतं आणि मनात मात्र ते खापर.

सक्काराला, म्हणजे कैरोजवळच्या त्या प्राचीन दफनभूमीत, पुरातत्त्वातल्या डॉक्टरबाई हव्यात हा हट्ट माझाच होता. नेहमीचा गाइड नको, खरंखुरं उत्खनन केलेलं माणूस हवं, माणशी थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील वगैरे वगैरे. नीलाताई अजून ऐकवते. पण बाई खरंच भारी निघाल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर स्कार्फ आणि त्यावर टोपी, पिशवीत एक लहान थापी, ती हातात घेऊन त्या दाखवायच्या. सगळे मान वर करून झोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड बघतायत, सहा टप्पे, ६२ मीटर, साडेचार हजार वर्षांहून जुना, आणि या म्हणतात खाली बघा, तुम्ही कशावर उभे आहात ते बघा. खाली नुसता खच. खापऱ्या, दगडाच्या कपच्या, वाळू, परत खापऱ्या.

आता खाली बघा म्हटल्यावर माणूस उचलणारच ना? मी तरी उचललं. उनास राजाच्या पिरॅमिडपाशी. पिरॅमिड कसला, बाहेरून ढिगाराच आहे तो, आत मात्र भिंतीभर कोरलेले मंत्र आणि छताला चांदण्या. तर तिथे मुग्धाचा फोटो काढला आणि पायाशी ते दिसलं. तांबूस-तपकिरी, मोडलेल्या कडेला मधोमध काळी रेघ, अंगावर बारीक बारीक खाचा. नाईलच्या गाळात भुसा कालवून केलेलं भांडं, भाजताना भुसा जळून जातो आणि त्याच्या खाचा राहतात, हे बाईंनीच अर्ध्या तासापूर्वी सांगितलेलं. आतल्या बाजूला बोट फिरवल्यासारखा एक खोलगट पट्टा होता, माझं बोट त्यात बरोब्बर बसलं. बसलं म्हणून मी ते हातातच ठेवून चालत राहिले. किती चालले? वीस पावलं असतील, चाळीस असतील. तिथेच तर सगळं घोडं अडलंय.

"मॅडम, ते जिथून उचललंत तिथे ठेवा प्लीज."

ओरडल्या नाहीत हं, अगदी नॉर्मल आवाज. मी मागे वळले तर सगळीकडे तसल्याच खापऱ्या. लाखभर. आणि माझ्याकडे बघणारी अकरा माणसं. मग मी काय केलं तर, आता लिहितानाही कान गरम होतायत, मी अगदी माहीत असल्यासारखी ठामपणे चालत गेले, एका दगडापाशी वाकले, ते ठेवलं, आणि ते आधीपासून तिथेच होतं असं वाटावं म्हणून बुटाच्या टोकाने जरासं दाबलं. दाबलं!! बाईंनी ते बघितलं, मी त्यांना बघताना बघितलं. त्या म्हणाल्या, थँक यू.

ते थँक यू रात्री दोन वाजता ऐकू येतं मला.

बरं मी एकटीच होते का? आमच्यातलेच एक काका त्या वेताच्या मोळीसारख्या कोरलेल्या खांबाला रेलून फोन करत होते, त्यांना कोणी काही बोललं नाही. संत्र्याची सालं कोणी टाकली ते मला माहितीये. आणि पकडली कोण गेली तर मी, जी निघण्याआधी दोन महिने वाचत होती, जिने वहीत राजांची वंशावळ काढली होती. बसमध्ये तर सुरूच झालं, १९८३ चा कायदा आहे, सगळं पुरातन सरकारी मालकीचं, हिला आता कैरोच्या जेलमध्ये डबा पोचवायला लागणार, ह्या ह्या ह्या. मीही हसले. आपण हसतोच अशा वेळी. शेजारची सीट रिकामी होती ती होतीच, जाऊ दे, तो विषय नाही आज.

न राहवून मी उठून बाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, ते महत्त्वाचं होतं का हो? त्या म्हणाल्या, बहुतेक नाही. इथली वरची माती चोरांनी उपसली, वाऱ्याने उपसली, मग दीडशे वर्षं आमच्यासारख्यांनी उपसली, कुठल्या तरी जुन्या उत्खननाच्या टाकलेल्या मातीतलं असेल. बियरच्या घड्याचं असेल, नसेलही. मग परत ठेवायला का सांगितलंत? तर म्हणाल्या, "तुम्ही कुठून उचललंत ते तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं."

झालं. एवढंच. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

आईला फोनवर सांगितलं तर ती पोट धरून हसली. "जिथली वस्तू तिथे ठेवावी हे मी चाळीस वर्षं सांगतेय, तेव्हा कात्री कधी सापडली नाही, आता तू इजिप्तला जाऊन तेच शिकून आलीस?" वर म्हणे किती पैसे भरले होते त्या बाईंसाठी. आईला हे सांगायलाच नको होतं.

पण मग एक आठवलं. बाईंनी सकाळी त्या फ्रेंच आर्किटेक्टबद्दल सांगितलं होतं, लाउएर. १९२६ मध्ये सक्काराला आला आणि २००१ मध्ये मरेपर्यंत सक्काराचाच होऊन राहिला. काम काय, तर पडलेले दगड बघायचे, मोजायचे, कुठला दगड कुठे होता ते शोधायचं आणि तिथे परत बसवायचा. ते प्रवेशाचे खांब, ती भिंत, त्यातलं बरंचसं असं जुळवलेलं. पंच्याहत्तर वर्षं एक माणूस जिथलं तिथे ठेवत होता. आणि मला एक खापर, दोन मिनिटांत, जमलं नाही. आईने बघितलं असतं त्याला तर जावईच करून घेतला असता.

दुसरं म्हणजे ती भिंतीवरची शाई. झोसरच्या आवारातच, काचेखाली जपलीय. रामेसिस दुसरा या राजाच्या राजवटीच्या ४७ व्या वर्षी हदनख्त नावाचा खजिन्याचा कारकून भावाला घेऊन आला होता, मेम्फिस या जुन्या राजधानीच्या पश्चिमेला जरा फिरायला, मजा करायला, असं त्यानेच लिहून ठेवलंय. तेव्हाच पिरॅमिड चौदाशे वर्षं जुना होता! म्हणजे पिकनिक. आणि दुसऱ्या एका कारकुनाने तर भिंतीवर लिहिलंय की माझ्यासारखा हुशार लेखनिक अख्ख्या मेम्फिसमध्ये नाही आणि बाकीच्यांनी इथे जे खरडलंय ते बघून मला मळमळतं. भिंतीवर लिहून! हे ऐकून तिथे मी सगळ्यात मोठ्याने हसले होते, साधारण एक तास आधी.

तर आज दुपारी फोटो साफ करायला बसले. मुग्धाचा तो उनाससमोरचा फोटो, ऊन मागून आल्यामुळे चेहरा पार काळा आलेला, तिने तेव्हाच डिलीट कर म्हणून सांगितलेलं, मी अर्थातच केला नव्हता. सहज झूम केला. चेहऱ्यावर नाही, खाली. आणि तिथे, तिच्या डाव्या बुटापासून वीतभर, तांबूस तुकडा, कडेला काळी रेघ. तेच. मी ठेवलं ते तिथून भलतीकडे, त्या दगडापाशी, म्हणजे चांगली सात-आठ पावलं चुकले.

अर्धा तास नुसती बघत बसले. मग ग्रुपवरून बाईंचा नंबर काढून फोटो पाठवला, लाल गोल करून, खाली सगळं खरं खरं लिहिलं, दाबलं तेसुद्धा. पाठवल्यावर लगेच वाटलं काय हा मूर्खपणा, त्यांना काय पडलंय, पण तोवर दोन निळ्या टिका.

संध्याकाळी उत्तर आलं. परत थँक यू. आणि खाली एक प्रश्न, या फोटोत उत्तर दिशा कुठे आहे?

फोटो ११:४२ चा. जानेवारी, जवळजवळ माध्यान्ह, म्हणजे सूर्य दक्षिणेला. मुग्धाची सावली सरळ कॅमेऱ्याकडे येतेय. म्हणजे मी उत्तरेला होते, ती माझ्याकडे तोंड करून, तिचा डावा हात पश्चिमेला. कागदावर काढून बघितलं, स्वतः उभी राहून दोनदा फिरून बघितलं, आई आतून विचारतेय काय चाललंय.

डाव्या बुटाच्या पश्चिमेला, एक वीत. लिहून पाठवते.