संकल्प थोडक्यात का सांगत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ‘ताई, नाव-गोत्र घेतलं की झालं ना? ती युगं, मन्वंतरं कशाला?’ बावीस वर्षं पुण्यात पौरोहित्य करतेय. सत्यनारायण असो, वास्तुशांत असो, कुणीतरी हे विचारतंच. पूजा खोळंबलेली असते, त्यामुळे नीट उत्तर देणं राहून जातं.

संकल्प म्हणजे पूजेच्या सुरुवातीला हातावर पाणी घेऊन, ती कोण, कुठे, कधी करतंय हे सांगणं. त्यात मी काय म्हणते, ते आधी सांगते. ‘अद्य ब्रह्मणो द्वितीये परार्धे, श्रीश्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे प्रथमचरणे…’ म्हणजे ब्रह्मदेवाच्या आयुष्याची पहिली पन्नास वर्षं सरली आहेत आणि एक्कावन्नाव्या वर्षाचा पहिला दिवस चालू आहे. त्याचा एक दिवस, म्हणजे कल्प, आपल्या ४३२ कोटी वर्षांचा. त्या दिवसात चौदा मनू होतात, एकेका मनूचा काळ म्हणजे मन्वंतर, त्यातलं सातवं चालू आहे. कलियुग ४,३२,००० वर्षांचं, त्यातली जेमतेम पाच हजारांवर काही उलटली. मग एकदम गोदावरीचा दक्षिण तीर येतो. नागपूरला पूजा असली तर उत्तर तीर म्हणायचं. पुढे शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. एवढ्यासाठी आदल्या रात्री पंचांग उघडून बसते. आणि शेवटी तुमचं गोत्र, तुमचं नाव. ४३२ कोटी वर्षांपासून निघालेलं वाक्य तुमच्या पाटापाशी येऊन थांबतं.

ज्ञानेश्वरीचा शेवट वाचताना माझ्या अंगावर काटा येतो तो यामुळेच. तिथेही आधी कलियुग, मग महाराष्ट्रमंडळ, मग गोदावरीचा दक्षिण काठ, आणि अखेरीस शके १२१२. एवढं ज्ञान सांगून झाल्यावरही ते कुठे आणि कधी सांगितलं, याची नोंद राहिली.

पण मला खरं अडवलं ते पहिल्याच शब्दाने. ‘अद्य’, म्हणजे ‘आज’. कितीतरी वर्षं तो मी नुसता म्हणून टाकत होते. अनंत म्हणजे त्या कोटींच्याही पलीकडे कुठेतरी, अशी माझी समजूत होती. मग लक्षात आलं, की ब्रह्मदेवालाही शंभरच वर्षं आहेत आणि निम्मी संपलीत. आकडा केवढाही मोठा असो, जे मोजता येतं ते सरतं. मोजत मोजत अनंतापर्यंत जाता येत नाही. ‘अद्य’ मात्र मी काल म्हटलं, आज म्हटलं, माझ्या गुरूंनी म्हटलं, त्यांच्या गुरूंनीही म्हटलं. तिथी बदलते, नक्षत्र बदलतं, यजमान बदलतात, तो शब्द तिथेच उभा असतो. परमेश्वर कालातीत आहे असं आपण म्हणतो. मला त्याची चाहूल लागते ती या एका शब्दात, ४३२ कोटींत नाही.

मागे एका घरी सहस्रचंद्रदर्शनाची शांत होती. हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे ऐंशी वर्षं दहा महिने. आजोबा सोवळं नेसून ताठ बसले होते. ब्रह्मदेवाच्या एका दिवसात हजार महायुगं, म्हणजे चारही युगांचे हजार फेरे असतात, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, “ताई, त्याची हजार युगं आणि माझे हजार चंद्र. पण मला विचाराल तर आठवतात चारच. एक खळ्यावर राखणीला झोपलो होतो तेव्हाचा. एक हिला घेऊन बैलगाडीतून घरी आलो तेव्हाचा.” उरलेले दोन त्यांनी सांगितले नाहीत, मीही विचारलं नाही.

संकल्प सुरू केला. सूनबाई पळीने त्यांच्या हातावर पाणी घालायला पुढे झाल्या, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. डाव्या हाताने स्वतः पळी उचलली. हात थरथरत होता, थोडं पाणी पाटावर सांडलं. मी शेवटचं ‘करिष्ये’, म्हणजे ‘करीन’, म्हणायची थांबले. घरातलं कुणी बोललं नाही. मग उजव्या हाताच्या बोटांवरून अक्षतांसकट पाणी ताम्हणात उतरलं, तेव्हा म्हटलं.

तेव्हापासून ‘अद्य’ म्हटल्यावर मी एक श्वास थांबते. तुमच्याकडच्या पूजेलाही थांबेन. सगळ्याला मिळून चार-पाच मिनिटं लागतात. ताम्हण, पळी जवळ घेऊन ठेवा, आणि आजी-आजोबांना आधीच बोलावून बसवा.