तुम्ही विचारलंत म्हणून: मेव्हिस होती, मग बाकीचे कशाला?

स्टेपल सिंगर्स म्हणजे अमेरिकेतला बाप आणि पोरांचा गाणारा ग्रुप, मेव्हिस त्यातली मुख्य गायिका. त्यांचं एखादं गाणं कुणाला पाठवलं की ठरलेला मेसेज येतो, बाई जबरदस्त गाते राव, पण मागे ते तिघं नुसते आ आ करतायत त्यांचं काय काम? कधी हेच जरा सभ्य भाषेत विचारतात, की मेव्हिस स्टेपल्स एवढी मोठी गायिका तर ती आधीच सोलो का नाही गेली, घरच्यांनी अडकवून ठेवलं होतं का वगैरे. इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच बसून लिहितो.

तर पहिली गोष्ट, सोलो गेली होती. 1969 ला तिचा पहिला सोलो अल्बम आला, 1970 ला दुसरा, नंतर 1989 आणि 1993 मध्ये तर खुद्द पॉपस्टार प्रिन्सने तिला आपल्या कंपनीत घेऊन दोन अल्बम काढले. यातला एकही धड चालला नाही. आवाज तोच, निर्माते एकापेक्षा एक, पैसा पण होता. आणि घरच्यांसोबत मात्र 1972 ला आणि 1975 ला थेट अमेरिकेच्या पॉप यादीत पहिला नंबर. आता यात नशीब, कंपन्यांचं मार्केटिंग हे सगळं येतंच, ते नाकारत नाही, पण माझं मत असं की लोकांना जो आवाज आवडत होता तो एकट्या मेव्हिसचा नव्हताच. तो त्या घराचा आवाज होता आणि तो तयार केला होता बापाने.

बाप म्हणजे रोबक स्टेपल्स, सगळे पॉप्स म्हणायचे. 1914 चा जन्म, मिसिसिपीतला, चौदा भावंडांत शेंडेफळ. डॉकरी नावाच्या कापसाच्या मोठ्या मळ्यावर वाढला, आणि ब्लूज, म्हणजे दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं सुखदुःखाचं गाणं, ऐकणाऱ्यांना डॉकरी म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही कारण ब्लूजचा जुना दिग्गज चार्ली पॅटन तिथलाच, पोराने त्याला प्रत्यक्ष ऐकून गिटार उचलली. पण घरात रात्री जेवणं झाली की सगळी भावंडं बाहेर बसून गायची ती देवाची गाणी. म्हणजे हातात ब्लूज आणि तोंडात भजन असं हे कॉम्बिनेशन लहानपणीच झालेलं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

मग 1936 च्या सुमारास बायको ओसिओला आणि लहान लेकरं घेऊन शिकागोला आला. त्या काळात दक्षिणेतले लाखो काळे लोक असेच उत्तरेकडे निघाले होते, शेतात राबून काही उरत नाही आणि वर गोऱ्यांची दहशत, मग राहायचं कशाला. शिकागोत कत्तलखान्यात काम, शिवाय मिळेल ती मजुरी. वर्षानुवर्षं गिटारला हात नाही. एका गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, ग्रुपमध्ये गायचा पण ते गडी तालमीलाच यायचे नाहीत, आज हा नाही उद्या तो नाही. शेवटी वैतागून त्याने जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक गिटार आणली, पोरांना हॉलमध्ये जमिनीवर गोल करून बसवलं आणि एकेकाला सूर वाटून दिला. तू हा धर, तू हा. जे सूर दिले ते तेच, मिसिसिपीत भावंडांसोबत गायलेले. 1948 ला ही मंडळी पहिल्यांदा चर्चमध्ये गायली.

इथे जरा थांबतो कारण सगळा मामला इथेच आहे. थोरली क्लिओथा, तिचा आवाज उंच आणि बारीक. पर्व्हिस एकटा मुलगा, सुरुवातीला मुख्य आवाज त्याचा होता, मेव्हिसचा नाही! ती खालचा सूर धरायची. मग पर्व्हिसचा आवाज फुटला, पोरांचा फुटतो तसा, आणि उंच सूर लागेना, तेव्हा बापाने मेव्हिसला पुढे केलं. ती खूश नव्हती म्हणे, तिला खालचा सूरच आवडायचा. इव्हॉन मधली, तिला गाण्याची फारशी हौस नव्हती, पण पर्व्हिस सैन्यात गेला तेव्हा त्याच्या जागी उभी राहिली आणि पुढे तो 1970 च्या आसपास ग्रुप सोडून गेला तेव्हा कायमचीच आली. हिशोब, कागदपत्रं, कुठल्या गावात किती पैसे यायचेत हे पण तिच्याकडे. असा एक माणूस प्रत्येक घरात असतो ज्याच्यामुळे चूल पेटते आणि ज्याचं नाव पोस्टरवर बारीक अक्षरात असतं.

आता 1956 चं त्यांचं ‘अनक्लाउडी डे’ ऐका. व्ही-जे कंपनीने काढलेलं, शिकागोतलीच, काळ्या मालकांची कंपनी. सुरू होते ती पॉप्सची गिटार. ट्रेमोलो नावाचा इफेक्ट असतो, त्यात आवाजाची पातळी ठरावीक वेगाने कमी-जास्त होत राहते, त्यामुळे एकच स्वर वाजवला तरी तो थरथरत लांबतो. पॉप्स फार वाजवतच नाहीत. दोन-चार स्वर, मग गप्प, परत दोन-चार. त्या मोकळ्या जागेत तिघं-चौघं मिळून संथ गातात, आणि मग खालून मेव्हिस येते. वय सोळा-सतरा. आवाज असा भारदस्त की रेडिओवर ऐकणाऱ्यांना वाटायचं एकतर पुरुष आहे नाहीतर कुणीतरी चांगली थोराड बाई, आणि कार्यक्रमाला गेल्यावर समोर ही चिमुरडी उभी. लोक पैजा लावायचे यावरून.

हेडफोन लावून ऐकलंत तर कळेल की ती एवढी खाली जाऊ शकते कारण क्लिओथाने वरचं टोक पकडून ठेवलंय. वारीच्या भजनात बुवा मोकळा सुटतो तो मागचे टाळकरी धृपद सोडत नाहीत म्हणून, तसंच आहे हे. मागचे ढिले पडले तर बुवाला आलाप आवरता घ्यावा लागतो.

शाळा चालू असेपर्यंत हे सगळं शनिवार-रविवारी, गाडीत बसायचं, गाऊन यायचं, सोमवारी पोरं वर्गात आणि बाप कामावर. 1957 ला मेव्हिसची शाळा संपली आणि मग पूर्णवेळ धंदा सुरू झाला. (जॅक्सन फाइव्ह, म्हणजे मायकल जॅक्सन आणि भावांच्या ग्रुपशी तुलना करणाऱ्यांसाठी एवढंच, तिथे पण बाप कडक आणि कामगार होता, पण तो स्टेजच्या बाजूला उभा. इथे बाप रांगेत उभा, गिटार घेऊन, पोरांसोबत चुकणार पण आणि पडणार पण.)

मग एकदा अलाबामातल्या माँटगोमरीत कार्यक्रम होता आणि पॉप्स पोरांना म्हणाले चला, इथल्या त्या मार्टिनच्या चर्चला जाऊ. मार्टिन म्हणजे मार्टिन लूथर किंग. प्रवचन ऐकून खोलीवर परतल्यावर त्यांनी पोरांना सांगितलं की हा माणूस जे बोलतोय ते बोलता येत असेल तर आपल्याला ते गाता यायला पाहिजे. मेव्हिसने हा किस्सा इतक्या मुलाखतींत सांगितलाय की शोधावा लागत नाही. तिथून त्यांची गाणी बदलली. 1965 च्या, काळ्यांच्या मताधिकारासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमरी मोर्चावर ‘फ्रीडम हायवे’ आलं, आणि त्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोच्या न्यू नाझरेथ चर्चमध्ये झालं. लिटल रॉकच्या गोऱ्यांच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना कसं अडवलं ते टीव्हीवर बघून पॉप्सनी ‘व्हाय ॲम आय ट्रीटेड सो बॅड’ लिहिलं, ते किंगचं आवडतं होतं, सभेत बोलायच्या आधी हेच गा म्हणायचे.

1968 ला ते मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीत आले आणि इथून लोकांची तक्रार सुरू होते, की यांनी देव सोडला आणि पैशाच्या मागे गेले. चर्चमधल्या काहींनी तर सरळ नाक मुरडलं. मला हे कधीच पटलं नाही. पहिले दोन अल्बम स्टॅक्सचाच गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरने केले, ठीकठाक. मग कंपनीचा अल बेल स्वतः निर्माता झाला आणि त्याने डोकं लावलं, यांना अलाबामात मसल शोल्सच्या वादकांकडे नेलं. हे वादक गोरे, गावाकडचे, पण हात असे की ऐकणाऱ्याला शंका येऊ नये. रॉजर हॉकिन्स ड्रमवर, डेव्हिड हूड बासवर, बॅरी बेकेट कीबोर्डवर, जिमी जॉन्सन गिटारवर. साथ बदलली, गळे तेच राहिले. 1971 चं ‘रिस्पेक्ट युवरसेल्फ’ ऐका, सुरुवातीला म्हातारा पॉप्सच गातो, आवाज न चढवता, समजावून सांगतोय असा, आणि मग मेव्हिस येऊन तोच विषय हातात घेऊन फोडून काढते. स्वतःचा मान ठेवा हे चर्चमध्ये सांगितलं तर प्रवचन आणि ढोलकीवर सांगितलं तर धंदा, असं कसं?

आणि 1972 चं ‘आय विल टेक यू देअर’, म्हणजे मी तुला तिथे नेईन. याची कहाणी थोडी जड आहे. अल बेलच्या भावाचा खून झाला, अंत्यविधीला तो घरी लिटल रॉकला गेला आणि तिथे अंगणात बसल्यावर त्याला हे सुचलं. सुरुवातीचा बास आणि चाल जमैकातल्या ‘लिक्विडेटर’ नावाच्या वाद्यसंगीताच्या तुकड्यावरून उचललेली, हे पण सांगून टाकतो कारण उगाच सगळं आकाशातून पडलं असं नको. शब्द जेमतेम दोन कडवी. बाकी अर्धं गाणं मेव्हिस वादकांना हाका मारत असते, बासवाल्या डेव्हिडला छोट्या म्हणून पुढे बोलावते, मग गिटारचा तुकडा आला की डॅडी डॅडी म्हणते आणि आपल्याला वाटतं व्वा, पॉप्स वाजवतायत. प्रत्यक्षात तो तुकडा वाजवलाय एडी हिंटनने! मला हे कळल्यावर हसूच आलं. दुसऱ्याच्या हातातून निघालेली गिटार, पण पोरीच्या तोंडी बापाचंच नाव. आणि या सगळ्यात बहिणी काय करतात, तर एकच ओळ परत परत, सरळ, न हलता. ती ओळ काढून बघा मनात. मेव्हिस कुणाला नेणार आणि कुठे?

त्याच वर्षी 20 ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या स्टेडियमवर वॉटस्टॅक्स या स्टॅक्सच्या मोठ्या कार्यक्रमाला पण हे लोक होते, त्याच्या आदल्या वर्षी घानात आक्राला गाऊन आलेले.

1975 च्या डिसेंबरात स्टॅक्स बुडाली. पण नेमका तेव्हाच ‘लेट्स डू इट अगेन’ पहिल्या नंबरवर होतं, सिडनी पॉइटियरच्या सिनेमातलं, शिकागोचाच गायक-गीतकार कर्टिस मेफिल्डने लिहिलेलं. गाणं आहे सरळ सरळ प्रेमाचं, त्यातल्या प्रेमाचा पत्ता बेडरूमचा. पॉप्स अडून बसले, मी चर्चचा माणूस आहे, मी हे गाणार नाही. कर्टिसने गयावया केली, पोरींनी समजूत घातली, तेव्हा कुठे साठी पार केलेल्या बापाने त्या ओळी गायल्या. आणि लाजत गायल्यामुळेच त्या छान झाल्यात असं मला वाटतं, कुणी सराईत गायला असता तर चावट वाटलं असतं.

पुढचं पटकन सांगतो. डिस्को आला, कंपन्या बदलल्या, द बँड नावाच्या रॉक ग्रुपच्या निरोपाच्या सिनेमात ‘द वेट’ गायले ते मात्र चुकवू नका, त्यात पॉप्सचं एक कडवं आहे. 1984 ला टॉकिंग हेड्स या रॉक ग्रुपचं गाणं घेऊन क्लबमध्ये पण वाजले. 1995 ला पॉप्सना ऐंशीव्या वर्षी स्वतःच्या ब्लूज अल्बमसाठी ग्रॅमी मिळाली. 1999 ला सगळे रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये. आणि 19 डिसेंबर 2000 ला पॉप्स गेले.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे सापडतं. बाप गेल्यावर मेव्हिस गप्प झाली. जिला तुम्ही म्हणता एकटीच पुरेशी होती, ती घरी बसून राहिली, क्लिओथालाही अल्झायमर झालेला. तिला उठवलं इव्हॉनने, चांगलं झापून, की पुरे झालं, डॅडींना हे चाललं नसतं, ऊठ. मेव्हिसने स्वतःचे पैसे घालून रेकॉर्डिंग केलं, 2004 ला अल्बम आला, मग 2007 ला गिटारवादक राय कूडरसोबत, आणि 2010 ला विल्को या रॉक ग्रुपच्या जेफ ट्वीडीसोबत केलेल्या अल्बमला तिची पहिली सोलो ग्रॅमी. सत्तरी ओलांडल्यावर! आणि त्या काळातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ बघा, मागे उभी राहून सूर धरणारी बाई आहे ना, ती इव्हॉन. सोलो करिअर म्हणे.

पॉप्सनी जाण्याआधी काही रेकॉर्डिंग्ज करून ठेवली होती, आजारपणात मेव्हिसला ती ऐकवायला सांगितली आणि म्हणाले हे हरवू नकोस. तिने ती ट्वीडीकडे दिली आणि 2015 ला ‘डोन्ट लूज धिस’ याच नावाने अल्बम निघाला. क्लिओथा 2013 ला गेलेली, इव्हॉन 2018 ला, पर्व्हिस 2021 ला. ट्वीडीने मेव्हिसच्या अल्बमसाठी गिटार कशी लावलीय बघा, मोकळी जागा सोडून, थरथरणारी, कुणाची आठवण येते ते सांगायला नको.

आणि हो, दुसरा प्रश्न पण नेहमीचाच, गायक बॉब डिलनने मेव्हिसला लग्नाचं विचारलं होतं ते खरं का? खरंय. साठच्या दशकात बॉब डिलनने पॉप्सना सांगितलं मला मेव्हिसशी लग्न करायचंय, पॉप्स म्हणाले मला काय सांगतोस, तिला सांग. त्याने विचारलं, ती नाही म्हणाली, वय लहान होतं असं तीच सांगते. 2016 ला मात्र दोघं एकाच टूरवर होते, आधी ती गायची, मग तो.