विज्ञानाच्या बाई आणि धानोरीचं आभाळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असा शाळेचा निरोप आला आणि मी त्याच रात्री लिहायला बसले. शाळेविषयी लिहायचं तर स्नेहसंमेलन, सहली, पाण्याच्या टाकीपाशी होणारी गर्दी, पालखीच्या दिवशीची सुट्टी, सगळंच यायला हवं. माझ्याकडून ते होणार नाही. मला विज्ञानाच्या बाईंबद्दलच लिहायचं आहे. १९८५ ते १९९१ या काळात शाळेत असलेल्यांना ‘विज्ञानाच्या बाई’ एवढं म्हटलं की पुरे.

आपली शाळा विश्रांतवाडी आणि धानोरीच्या मधे, म्हणजे पुण्यातल्या लोहगावच्या हवाई दलाच्या धावपट्टीच्या पश्चिम टोकाकडे. लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की वर्गात दुसरं काही ऐकू येत नसे. काही शिक्षक आवाज चढवून शिकवत राहायचे, काही खिडक्या लावून घ्यायला सांगायचे. बाई थांबायच्या. फळ्यावर ‘अपवर्तन’ लिहिताना ‘अप’पर्यंत खडू आला असेल तर तो तिथेच टेकलेला राहायचा. बाई खिडकीकडे बघायच्या, आम्हीही बघायचो. आवाज पूर्ण विरला की ‘वर्तन’ लिहून व्हायचं आणि वाक्य जिथे तुटलं होतं त्याच शब्दापासून पुढे चालू व्हायचं. ‘बघून घ्या,’ त्या म्हणायच्या, ‘नाहीतर तास संपेपर्यंत मनात त्याचाच विचार कराल.’ इतकी वर्षं झाली, पण मुलांच्या मनाची इतकी बरोबर पारख असलेली दुसरी शिक्षिका मी पाहिली नाही.

पावसाळ्यात विमानं आमच्या अंगावर उडायची आणि थंडीत बरेचदा आमच्या बाजूने उतरायची. हे असं का, हे बाईंनी सहावीतच सांगितलं होतं. विमान उडताना आणि उतरतानाही वारा तोंडावर घेतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून धावपट्टीवर ते पश्चिमेकडे, म्हणजे शाळेच्या दिशेने सुटतं. वारा पूर्वेचा झाला की पश्चिमेकडून येऊन उतरतं. त्यानंतर आम्ही ध्वजस्तंभावरची दोरी कुठे उडते ते बघून आज विमान कसं येणार हे आधीच सांगायचो, आणि बहुतेक वेळा ते खरं ठरायचं.

मी सातवीत असताना, डिसेंबर १९८७ मध्ये, लोहगावला मिग-२९ आली. रशियाबाहेर ही विमानं घेणारा पहिला देश आपला. हवाई दलाने त्यांना ‘बाज’ नाव दिलं. आम्हाला आधी समजलं ते काचांवरून, कारण खिडक्यांची थरथर एकदम वेगळी झाली. बाईंनी मधल्या सुट्टीत फळ्याच्या कोपऱ्यात आकृत्या काढल्या. मिग-२१ एका इंजिनाचं, नाकाशी गोल तोंड, पंख त्रिकोणी. जॅग्वारचे पंख पाठीच्या उंचीवर बसवलेले. मिग-२९ला दोन इंजिनं, दोन उभ्या शेपट्या, आणि मागे काळ्या धुराच्या दोन रेघा. या रेघांमुळे विमान ढगात शिरलं तरी कुठे गेलं ते कळायचं. ती आकृती पुसू नये म्हणून आम्ही फळा पुसायची पाळी असलेल्या मुलावर नजर ठेवायचो.

बाई मूळच्या लोहगावच्याच. तुकोबांचं आजोळ असलेलं गाव, हे त्या अभिमानाने सांगायच्या. १८ डिसेंबर १९६१ ची सकाळ त्यांनी लहानपणी गावातून ऐकली होती. त्या दिवशी गोवा मुक्तीच्या कारवाईत पुण्याहून बारा कॅनबेरा विमानं निघाली आणि त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. ‘रोज दोन-तीन जायची, त्या दिवशी संपतच नव्हती,’ असं बाई म्हणायच्या. गावातली माणसं ओट्यांवर येऊन मोजत होती. दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, गोवा मुक्त झाला. इतिहासाच्या पुस्तकात गोवामुक्तीला जेमतेम एक परिच्छेद होता, पण आमच्या वर्गाला तो पाठ करावा लागला नाही.

आता डब्यांची गोष्ट. मधल्या सुट्टीत आम्ही मैदानाच्या कडेला डबे खायचो आणि उरलेली पोळी तिथेच टाकायचो. त्यावर घारी आणि कावळे यायचे. बाईंनी झाकणाचं पिंप आणवलं आणि प्रत्येक वर्गाला पाळी लावून दिली. कारण त्यांनी एकदाच सांगितलं. विमान उडताना आणि उतरताना खाली असतं, घारीही तेवढ्याच उंचीवर घिरट्या घालतात, आणि इंजिनात घार गेली तर आतली पाती तुटतात. पुढे मला वाचनात आलं की मिग-२९ जमिनीवर धावत असताना हवा आत घेण्याची मुख्य दारं मिटलेली असतात आणि पंखांच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेल्या फटींतून हवा जाते, म्हणजे धावपट्टीवरचे खडे आत ओढले जाऊ नयेत. पण हवेत गेल्यावर ती दारं उघडतात, आणि तिथे घारीला अडवणारं काही नाही. आपल्या शाळेच्या मैदानावरची पोळी आणि वरून जाणारा वैमानिक यांचा संबंध शाळेतल्या मुलांच्या डोक्यात घालणं, हे काम बाईंनी कोणी न सांगता केलं. विमानतळाभोवती कचरा टाकू नका, अशी आवाहनं आजही होतात. पिंप ठेवणारी माणसं कमी आहेत.

ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहिते आहे ती नववीतली. ध्वनीचा धडा चालू होता. बाई म्हणाल्या, डोळे मिटा, विमान आलं की आवाज जिथून येतो तिथे बोट करा, मग डोळे उघडा. आम्ही केलं. प्रत्येकाचं बोट रिकाम्या आभाळाकडे आणि विमान त्याच्या बरंच पुढे! रोज विमानं बघणाऱ्या आम्हा मुलांना हे कधी जाणवलंच नव्हतं, कारण रोज आम्ही डोळ्यांनी आधी विमान शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जोड्या लावल्या आणि मैदानात नेलं. एकाने डोळे मिटून उभं राहायचं आणि आवाज बरोबर डोक्यावरून आला असं वाटलं की हात वर करायचा. दुसऱ्याने त्या क्षणी विमान सरळ वरच्या दिशेपासून किती अंशांवर आहे ते मोजायचं. त्यासाठी कंपासपेटीतला कोनमापक, आणि सरळ दिशा कळावी म्हणून दोऱ्याला बांधलेलं वजन. आमच्या वर्गातल्या एकाचे वडील गवंडी होते. तो घरून खरा ओळंबा घेऊन आला आणि दिवसभर त्याच्या जोडीला मान मिळाला. बाईंची एकच अट होती. वहीत फक्त कोन लिहायचा. तारीख, वेळ, विमानावरचा आकडा काहीही नाही. ‘आपण त्यांचे शेजारी आहोत, शेजारधर्म पाळायचा,’ एवढंच त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापक सर व्हरांड्यातून जाताना थबकले. मैदानात अर्धा वर्ग डोळे मिटून आभाळाकडे तोंड करून उभा. ‘तास चालू आहे, सर,’ बाई म्हणाल्या. सर पुढचं विमान येईपर्यंत तिथेच उभे राहिले आणि त्या दिवशी घंटा उशिरा झाली.

वर्गात परत आल्यावर बाईंनी फळ्यावर आलेख काढला. विमान डोक्यावर एक हजार मीटरवर आहे असं धरा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे खाली यायला जवळजवळ तीन सेकंद. विमान ताशी ६०० किलोमीटरने जात असेल तर तेवढ्या वेळात ते जवळपास पाचशे मीटर पुढे गेलं. कोन काढला तर २६ अंशांच्या आसपास. मग त्यांनी उंची दोन हजार मीटर घेतली. आवाजाला वेळ दुप्पट, विमान दुप्पट पुढे, पण कोन तोच. पाचशे मीटर घेतली, तरी कोन तोच. उंची काहीही असो, कोन ठरतो तो विमानाचा वेग आवाजाच्या वेगाच्या किती पट आहे यावरून. म्हणजे आमच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या कोनमापकाने आम्ही लढाऊ विमानाचा माख अंक मोजत होतो! त्रिकोणमिती अजून शिकायची होती. बाईंनी ती आडव्या-उभ्या चौकटी मोजून दाखवली.

माझ्या मैत्रिणीचा कोन ६० अंश आला होता आणि मुलं हसली. बाईंनी तो आकडाही फळ्यावर लिहिला. मग विचारलं, एवढा कोन खरा असेल तर विमान आवाजापेक्षा वेगाने चाललं होतं, अशा विमानाचा आवाज कसा येईल? ते डोक्यावरून पुढे जाईपर्यंत काहीच ऐकू येत नाही आणि मग एकदम धमाका होतो. तसा धमाका झाला का? नाही. म्हणजे दोऱ्याचं वजन हललं होतं, परत मोज. कोणाचंही उत्तर त्यांनी नुसतं चूक म्हणून खोडलं नाही. ते चूक का, हे ज्याचं त्याला शोधायला लावलं.

याच मैत्रिणीने दहावीत बाईंना विचारलं होतं, मला वैमानिक होता येईल का? वर्गातली मुलं तेव्हाच्या औरंगाबादच्या एस.पी.आय.चे, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्याची तयारी करून घेणाऱ्या संस्थेचे, अर्ज भरत होती, म्हणजे तिथून पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, एन.डी.ए.मध्ये जाता येईल. ती खडकवासल्याला, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, पण मुलींना तिथे प्रवेश नव्हता. बाईंनी तिला खोटी आशा दाखवली नाही. आत्ता नियम नाही, असं स्पष्ट सांगितलं. मात्र मुलांसाठी शाळा सुटल्यावर गणिताचा जो जादा तास त्या घ्यायच्या, त्यात तिला पहिल्या बाकावर बसवलं. ती आज स्थापत्य अभियंता आहे आणि पुलांची कामं करते.

मी स्वतः भोसरीतल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात कंपन तपासणी विभागाची प्रमुख आहे. फिरत्या यंत्राचा आवाज आणि थरथर यांवरून आत काय बिघडलं आहे ते ओळखायचं, हे माझं काम. संगणकावर सगळे आलेख तयार येतात. तरी नवीन मुलं आली की मी त्यांना आधी यंत्रापाशी उभं करून डोळे मिटायला सांगते. गेल्या वर्षी कंपनीने या कामासाठी माझा सत्कार केला तेव्हा मी भाषणात बाईंचं नाव घेतलं, आणि ते घेताना मला जो आनंद झाला तो सत्काराचा नव्हता.

मध्यंतरी शाळेत जाऊन आले. नवी इमारत छान आहे, पण मैदान निम्मं झालं आहे आणि पूर्वेला सोसायट्यांच्या भिंती आहेत. हवाई दलाच्या ना-हरकतीमुळे फार उंच मनोरे उभे राहत नाहीत हे खरं, तरी धावपट्टीकडचं आभाळ आता शाळेतून दिसत नाही. सुखोई येतं ते आधी ऐकू येतं, आणि वर बघेपर्यंत गच्चीआड जातं. रस्त्यावरच्या वाहनांचा गोंगाट इतका वाढला आहे की वर्ग दिवसभर खिडक्या लावून बसतो. मुलांनी विमानाचं नाव मोबाइलवर शोधून सांगितलं. त्यांचं सगळं बरोबर होतं. वर बघायला मात्र कोणी उठलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

२५ नोव्हेंबर २००९ ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील लोहगावहून सुखोईतून उडाल्या. कलामसाहेब २००६ मध्ये इथूनच उडाले होते, पण प्रतिभाताई या लढाऊ विमानातून उडालेल्या पहिल्या महिला राष्ट्रपती, वय ७४. मी बाईंना फोन केला. त्या निवृत्त झालेल्या होत्या आणि सकाळपासून शेजारणींना घेऊन गच्चीवर होत्या. आवाजात उत्साह मावत नव्हता. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, ‘आता मुलींना एन.डी.ए.चा फॉर्म कधी मिळतो, ते सांग.’

तो मिळायला आणखी बरीच वर्षं गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली, आणि ३० मे २०२५ ला १७ जणी तिथून बाहेर पडल्या. ते संचलन मी आणि ती मैत्रीण बाईंच्या घरी बसून बघितलं. बाईंनी आम्हाला शिरा केला होता.

आमच्या तुकडीने सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेला ध्वनीच्या प्रयोगांचं साहित्य द्यायचं ठरवलं आहे: ध्वनिमापक, नादकाटे, लहरी दाखवणारा पडदा, आणि अर्थातच ओळंबे आणि मोठे कोनमापक. मुख्याध्यापकांनी गच्चीलगतची खोली देऊ केली आहे, म्हणजे मुलांना निदान तिथून आभाळ मिळेल. खोलीला बाईंचं नाव द्यावं अशी आमची विनंती समितीने मान्य केली आहे. बाईंनी स्वतः नकार कळवला आहे. शाळेत असताना त्यांचा शब्द आम्ही कधी मोडला नाही. या वेळी मोडणार आहोत.