तीन मतं, तीन वाटा

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शिक्षक म्हणून माझी नेमणूक मतदान अधिकारी या पदावर झाली आणि तीही माझे नाव ज्या मतदारसंघाच्या यादीत आहे, त्याच्या बाहेर. त्याच मतदारसंघात काम मिळाले असते, तर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घेऊन नेमणुकीच्या केंद्रावरच यंत्रावर मत देता आले असते. तसे नसल्यामुळे पहिल्या प्रशिक्षणातच टपाली मतपत्रिकेसाठी नमुना १२ भरून दिला.

दुसऱ्या प्रशिक्षणाच्या जागी कर्मचाऱ्यांच्या टपाली मतदानासाठीचे सुविधा केंद्र होते. पूर्वी कर्मचारी मतपत्रिका घरी नेत आणि मोजणी सुरू होईपर्यंत परत पाठवत. २०२३ च्या नियमबदलानंतर ती केंद्रावरच घ्यायची, तिथेच खूण करायची आणि तिथल्याच पेटीत टाकायची, अशी पद्धत आली. खूण करायला अर्धे मिनिट पुरते, खरा वेळ जातो तो पाकिटांत. मतपत्रिका लहान पाकिटात घालून ते चिकटवायचे, त्यावर तिचा अनुक्रमांक लिहायचा, घोषणापत्रावर अधिकाऱ्यासमोर सही करून त्यांची साक्षांकित सही घ्यायची, आणि मग लहान पाकीट व घोषणापत्र ही दोन्ही वेगवेगळी मोठ्या पाकिटात ठेवायची. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने घोषणापत्र मतपत्रिकेसोबत लहान पाकिटातच सरकवले होते. डिंक लावण्याआधी ते लक्षात आले म्हणून बरे, कारण मोजणीच्या वेळी मोठ्या पाकिटात घोषणापत्र सापडले नाही, तर लहान पाकीट न उघडताच मत बाद होते. इतरांना मतदान शिकवायला निघालेल्या आम्हां सगळ्यांनाच सूचनापत्र दोनदा वाचावे लागले, हे कबूल करायला हरकत नाही.

आई ८७ वर्षांची. ८५ वर्षांवरील मतदारांना घरून टपाली मतपत्रिकेवर मत देता येते, पण त्यासाठीचा नमुना १२-डी अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. अधिसूचना २२ ऑक्टोबरची होती. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, अर्ज घेऊन घरी आल्या, तेव्हा मी शाळेत होतो. मी फोनवर सांगितले आणि आईने सही करून दिली. नोव्हेंबरच्या मध्यावर, आधी कळवलेल्या दिवशी, दोन मतदान अधिकारी, एक पोलीस आणि चित्रीकरण करणारा असे पथक आले. मेजावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करण्यात आला. ती आतल्या बाजूला खूण करत असताना कॅमेऱ्याचे तोंड दुसरीकडे होते आणि मला दारापाशी थांबवले होते. पाकिटे तिने स्वतः चिकटवली. पथक निघून गेल्यावर ती एवढेच म्हणाली, "चहा विचारला, तर नको म्हणाले."

२० नोव्हेंबरला केंद्रावर आणखी एक प्रकार पाहिला. दुपारी एक गृहस्थ आले आणि त्यांच्या नावापुढे आधीच खूण झालेली निघाली. केंद्राध्यक्षांनी प्रश्न विचारून, ओळखपत्र पाहून त्यांची खात्री पटवून घेतली आणि त्यांना प्रदत्त मतपत्रिका दिली. हे मत यंत्रावर देता येत नाही. कागदावर शिक्का मारून ते वेगळ्या लिफाफ्यात जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही. ते त्यांना समजावून सांगणे हे त्या दिवसातले सर्वांत अवघड काम होते. "मग मी मत दिले की नाही?" असे त्यांनी दोनदा विचारले आणि आमच्यापाशी सरळ उत्तर नव्हते. पहिले मत कुणी दिले, हे केंद्रावर कळण्याचा मार्ग नसतो, त्यामुळे त्या कागदाने त्यांचा दावा नोंदला जातो, एवढेच. माझ्या मते ही तरतूद न्यायालयात जाण्याची तयारी असणाऱ्यालाच खरी उपयोगी आहे.

रात्री साहित्य जमा करून घरी पोहोचलो तेव्हा आई जागी होती. सकाळी शेजारच्या दोघी केंद्रावर निघाल्या, तेव्हा ती लुगडे बदलून तयार झाली होती आणि पत्नीने तिला अडवले होते. टपाली मतपत्रिका घेतलेल्या मतदाराच्या नावापुढे यादीत 'पीबी' अशी नोंद असते आणि त्याला केंद्रावर मत देता येत नाही, हे मी तिला सही करताना सांगितलेच नव्हते. तिचे केंद्र घरापासून शंभर पावलांवर आहे आणि काठी घेऊन ती तिथवर जाऊ शकते.

"पुढच्या वेळी तो कागद आणलास," ती म्हणाली, "तर आधी मला वाचून दाखव."